पिवळं तूप आणि धारोष्ण दूध

भाद्रपदातलं गाईचं तूप चैत्रातल्या तुपापेक्षा पिवळं दिसतं, ते कुरणामुळे. इगतपुरी-अकोल्याकडच्या डांगी गाई पावसाळ्यात डोंगरउतारावर चरतात. त्या ओल्या गवतात बीटा-कॅरोटीन भरपूर असतं. गाय त्यातल्या काही भागाचंच ‘अ’ जीवनसत्त्व बनवते. उरलेलं स्निग्धांशाबरोबर दुधात उतरतं. म्हैस जवळजवळ सगळंच बदलून टाकते, म्हणून तिची साय पांढरी. चारा उन्हात वाळताना कॅरोटीन बरंचसं नष्ट होतं आणि उन्हाळ्यात वाळल्या वैरणीवर आलेल्या गाईचं दूध फिकं पडतं.

पहिल्या पावसानंतर गाई कोवळ्या गवतावर तुटून पडतात. पोटात तंतू कमी जातात, दूध वाढलं तरी फॅट घसरते आणि डेअरीवर पैसे कापले जातात. म्हणून जाणते लोक त्या दिवसांत गाई सोडण्याआधी थोडी वाळली वैरण घालतात. पोटही फुगत नाही.

चरणाऱ्या गाईच्या दुधात ओमेगा-3 मेदाम्लंही थोडी जास्त असतात. ‘थोडी’ हे महत्त्वाचं. कपभर दुधाने हृदयविकार टळत नाही, जाहिराती काहीही म्हणोत.

कौतुक धारोष्ण दूध पिण्यापर्यंत गेलं, की मात्र प्रकरण दवाखान्यात येतं. ब्रुसेला जंतूला कुरण हिरवं की वाळकं याच्याशी देणंघेणं नाही. बाधित गाय बहुधा एकदाच गाभडते, पुढे धडधाकट दिसते, पण तिच्या दुधातून जंतू जात राहतात. माणसाला ताप येतो-जातो, रात्री दरदरून घाम, कंबर आणि सांधे धरतात. टायफॉइड, मग क्षय, असे शिक्के बसत महिने जातात. डॉक्टरने गोठ्याबद्दल विचारलं नाही तर रुग्ण सांगत नाही. गाय गाभडण्याचा आणि आपल्या तापाचा संबंध असेल, हे त्याच्या मनातही येत नाही. निदानानंतर किमान सहा आठवडे एकाहून अधिक औषधं घ्यावी लागतात. बरं वाटलं म्हणून मध्येच सोडली, तर ताप परततो.

दूध उकळलं की जंतू मरतो; कॅल्शियम आणि ‘अ’ जीवनसत्त्व जवळजवळ तसंच राहतं. पण दूध तापवणाऱ्या घरातही एक वाट उघडी असते: व्यालेल्या किंवा गाभडलेल्या गाईची वार उघड्या हातांनी काढणं. हातमोजे घालावेत, वार कुत्र्यांपुढे न टाकता चुना घालून खोल पुरावी. गर्भवतीने या कामात हात घालू नये. 4 ते 8 महिन्यांच्या कालवडींना ब्रुसेलाची लस सरकारी मोहिमेत मोफत टोचतात, आणि ती एकदाच लागते. गाभण गाईला ती देत नाहीत.