जुनी फियाट घ्यायची, पण कोणत्या सालची?

चंदीगडला लागून असलेले मुल्लानपूर आता क्रिकेटच्या नव्या स्टेडियममुळे सगळ्यांना माहीत झाले आहे. नोकरीनिमित्त तिथे स्थायिक झालेल्या एका मराठी कुटुंबात मात्र गेले काही महिने क्रिकेटची नव्हे, गाडीचीच चर्चा चालू आहे. मुंबईहून मुलाकडे राहायला आलेल्या बाबांना यंदा पंचाहत्तरावे वर्ष लागले. त्यांच्या उमेदीच्या काळात त्यांच्याकडे 1968 सालची सेकंडहँड फियाट होती. पुढे घराचे हप्ते सुरू झाले आणि ती विकावी लागली. तशीच गाडी बाबांना भेट द्यायची, असे मुलाने ठरवले.

मुलाला हवी होती 1968 चीच. सूनबाईंनी मात्र एका वाक्यात प्रश्न उभा केला, "अहो, ती चालवायची आहे की नुसती ओवाळायची?"

जुनी गाडी घेऊ पाहणाऱ्या प्रत्येकाने स्वतःला आधी हाच प्रश्न विचारायला हवा. परदेशातले शौकीन जुन्या स्पोर्ट्स कारच्या एकेका सालावरून वाद घालतात. आपल्याकडे परदेशी गाड्यांच्या आयातीवर अनेक वर्षे कडक निर्बंध होते. त्यामुळे मध्यमवर्गाच्या वाट्याला आल्या त्या अॅम्बेसेडर, फियाट आणि स्टँडर्ड हेरल्ड. त्यात फियाट चपळ. मद्रासजवळच्या शोलावरमच्या धावपट्टीवर ती शर्यतीतही उतरली. आपल्या तरुणपणीची स्पोर्ट्स कार कोणती, असे विचारले तर अनेक घरांत आजही फियाटकडेच बोट दाखवले जाईल.

एकच गाडी, अनेक अवतार

वालचंद हिराचंद यांनी स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात ही गाडी तयार होई. 1950 नंतरच्या दशकातल्या गोलमटोल नाकाच्या मॉडेलला मुंबईकरांनी लाडाने 'डुक्कर फियाट' म्हटले. तिचे पुढचे दरवाजे आजच्या गाड्यांच्या उलट बाजूने उघडतात. ती आज दुर्मीळ आहे. तिच्या काचा, दिवे आणि पट्ट्या मिळवण्यातच वर्ष जाऊ शकते.

1964 च्या सुमारास चौकोनी वळणाची 1100 डिलाइट आली. बाबांची होती ती हीच. 1970 नंतरच्या दशकात फियाटचे नाव गेले, गाडी काही काळ प्रीमियर प्रेसिडेंट म्हणून विकली गेली आणि 1974 पासून ती प्रीमियर पद्मिनी झाली. लोकांच्या तोंडी मात्र शेवटपर्यंत फियाटच राहिली. 1089 सीसीचे इंजिन, स्टेअरिंगजवळचा गिअर आणि पुढे सोफ्यासारखी सलग सीट ही ओळखही बराच काळ टिकली. 2000 च्या सुमारास उत्पादन थांबले.

म्हणजे डिलाइट आणि पद्मिनी या सख्ख्या बहिणीच. फरक मुख्यतः जाळी, दिवे, डॅशबोर्ड आणि सजावटीचा. चालवण्याचा अनुभव फारसा बदलत नाही. सुट्या भागांच्या उपलब्धतेत मात्र मोठा फरक पडतो. पद्मिनी मुंबईची टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षे धावली, त्यामुळे तिचे भाग आणि तिचे मेकॅनिक अजून सापडतात. पण मुंबईची शेवटची नोंदणीकृत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर 2023 मध्ये रस्त्यावरून गेली, हेही लक्षात ठेवा. गाडी ठरवण्याआधी तिला हात लावणारा मेकॅनिक आपल्या गावात आहे का, हे विचारून घ्या.

साल ठरवते कायदा

पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांसाठी 2021 मध्ये केंद्र सरकारने 'व्हिंटेज' नोंदणीचे नियम आणले. अशा गाडीच्या नंबरात 'व्हीए' ही अक्षरे येतात. नव्या नोंदणीचे शुल्क 20,000 रुपये असून ती दहा वर्षे चालते. मात्र गाडी मूळ रूपात हवी आणि ती रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणे, दुरुस्ती अशा कामांपुरतीच तिला मोकळीक असते. नातवंडांना शाळेत सोडायला ही नोंदणी उपयोगाची नाही.

साध्या नोंदणीवर गाडी चालवायची तर पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी नूतनीकरण आले. वीस वर्षांहून जुन्या मोटारीसाठी त्याचे शुल्क 2025 मध्ये 10,000 रुपये करण्यात आले. राज्याचा हरित कर असल्यास तो वेगळा. विकणाऱ्याने मधली वर्षे नूतनीकरण केले नसेल, तर थकबाकी कोण भरणार हे व्यवहाराआधीच ठरवा.

दुसऱ्या राज्यातून गाडी आणताना मूळ आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र हवेच. मुल्लानपूर चंदीगडच्या कुशीत असले तरी ते पंजाबच्या मोहाली जिल्ह्यात येते, त्यामुळे नोंदणी पंजाबची करावी लागेल. वाटेत दिल्लीचा परिसर लागतो. तिथे पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर न्यायालयाचे निर्बंध आले आणि पुढे त्यांत फेरबदलही होत राहिले. तेव्हा हौसेने चालवत नेण्यापेक्षा गाडी ट्रेलरवरून आणणे शहाणपणाचे.

रंगावर भाळू नका

मुलगा मुंबईला जाऊन एक लालचुटूक 1968 ची डिलाइट पाहून आला. रंग आरशासारखा, क्रोम लखलखीत. मालक म्हणाला, "आज टोकन द्या, उद्या दुसरे गिऱ्हाईक येतंय." मुलाने टॉर्च काढून चेसिस नंबर पाहिला. तो आरसी बुकातल्या नंबराशी जुळत नव्हता. तो टोकन न देताच परतला. घरी सगळे हिरमुसले, पण त्या पाच मिनिटांनी त्याचे पैसे आणि पुढचा मनस्ताप वाचवला.

पाहायला जाताना एवढे जरूर तपासा :

• आरसी बुकातले निर्मितीचे साल, इंजिन नंबर आणि चेसिस नंबर गाडीवरच्या आकड्यांशी जुळवा. निर्मितीचे साल आणि नोंदणीचे साल वेगळे असू शकते.

• पुष्कळ फियाटमध्ये नंतर डिझेल इंजिन बसवले गेले. बदलाची नोंद आरसी बुकात नसेल तर गाडी घेऊ नका.

• पत्र्यावरून चुंबक फिरवा. जिथे तो चिकटत नाही तिथे लांबी भरलेली असते. पायाखालचा पत्रा, दरवाजांखालचा भाग आणि डिकीचा तळ आधी पाहा. मुंबईच्या दमट, खाऱ्या हवेत हेच आधी गंजतात.

• गाडी थंड असताना सुरू करायला सांगा. सायलेन्सरमधून सतत निळा धूर येत असेल तर इंजिन ऑइल जळते आहे.

• जुन्या रबरी नळ्या बदलण्याचा खर्च धरा. आताच्या इथेनॉलमिश्रित पेट्रोलने जुने रबर फुगते आणि गळती होऊ शकते. तिथे आगीची भीती असते.

• ब्रेक चारही चाकांना ड्रमचे आहेत. सीट बेल्ट नसतील तर मजबूत जागी बसवून घ्या. मुलांना पुढच्या सलग सीटवर दाटीवाटीने बसवण्याचे दिवस गेले.

मग साल कोणते?

हौस प्रदर्शनाची आणि रॅलीची असेल, हाताशी जागा, पैसा आणि धीर असेल, तर पन्नास वर्षांहून जुनी गाडी घ्या. घरच्यांना घेऊन फिरायचे असेल तर 1980 नंतरच्या दशकातली पद्मिनी बरी. आणि दोन्ही बाबतींत, चांगल्या सालाच्या कुजक्या गाडीपेक्षा साध्या सालाची निरोगी पत्र्याची, स्वच्छ कागदपत्रांची गाडी केव्हाही उत्तम.

मुल्लानपूरच्या घरात शेवटचा शब्द बाबांचाच ठरला. इतके दिवस ते चर्चा नुसती ऐकत होते. एका संध्याकाळी म्हणाले, "अरे, मला ती 1968 ची आठवत नाही. मला आठवतं ते घाटात गाडी बंद पडल्यावर तुझी आई पेट्रोल पंपावर ओलं फडकं ठेवायची ते. नातीला घेऊन सिसवाँ धरणापर्यंत जाऊन येता आलं की मला पुरे."

आता त्यांचा शोध 1985 च्या आसपासच्या पद्मिनीचा चालू आहे. सूनबाईंनी दोन फडकी आधीच बाजूला काढून ठेवली आहेत.