तारेची पारख

मुलांनो, 'तार' हा शब्द मराठीत आहे आणि उर्दूतही आहे. उर्दूत आपण 'तार टूट गया' म्हणतो. मराठीत मात्र 'तार तुटली' असे म्हणतात. फारसीत 'सेह' म्हणजे तीन. 'सेहतार' म्हणजे तीन तारांचे वाद्य. त्यावरून उर्दूतील 'सितार' व मराठीतील 'सतार' हे शब्द आले. 'गिटार' या शब्दाचाही आपल्याशी दूरचा संबंध आहे. मूळचा हा ग्रीक शब्द अरबीतून स्पॅनिश भाषेत गेला व तेथून जगभर पसरला.

आज खेड्यापाड्यांतील तरुणांच्या हातीही गिटार दिसते. पुष्कळदा घरच्यांनी पैसे साठवून ती घेऊन दिलेली असते. तिला चुकीच्या तारा लावल्या, तर ती नीट वाजत नाही. इतकेच नव्हे, तर ती कायमची मोडूही शकते. म्हणून तारेची पारख हवी.

ही पारख पिढ्यान्पिढ्या सांभाळणारे आपल्या राज्यातील गाव म्हणजे सांगली जिल्ह्यातील मिरज. तेथील शिकलगार पूर्वी तलवारी, भाले अशी हत्यारे घडवीत व त्यांना धार लावीत. इंग्रजी अमलात हत्यारांची मागणी घटली. तेव्हा, सुमारे १८५० साली, फरीदसाहेब नावाच्या कारागिराने तंतुवाद्ये बनविण्यास आरंभ केला. त्यांच्या घराण्याला पुढे 'सतारमेकर' हे नाव पडले. मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले.

तंबोऱ्याला सामान्यतः चार तारा असतात. मधल्या दोन तारा पोलादाच्या असून त्या एकाच सुरात लावतात. चौथी तार खर्जाची. ती जाड व बहुधा पितळेची असते. पुरुष गायकाचा तंबोरा मोठा, म्हणून त्याच्या तारा जाड. स्त्री गायिकेचा तंबोरा लहान, म्हणून त्याच्या तारा बारीक. गाणारा कोण व त्याची पट्टी कोणती, हे कळल्यावाचून तारा निवडता येत नाहीत.

असे का? तारेचा सूर तीन गोष्टींवर ठरतो: तिची लांबी, तिचा ताण आणि तिचे वजन. फ्रान्समधील मेर्सेन या विद्वानाने १६३६ साली हा नियम ग्रंथात मांडला. तार आखूड केली किंवा ताणली, की सूर चढतो. तार जाड घेतली, की सूर उतरतो. गिटारच्या सहाही तारा जवळजवळ सारख्याच लांबीच्या असतात. तरीही सर्वांत जाड तार सेकंदाला सुमारे ८२ वेळा कंप पावते, तर सर्वांत बारीक तार सुमारे ३३० वेळा. हा फरक मुख्यतः जाडीमुळे पडतो. पण एकसंध जाड तार ताठ असते व नीट कंप पावत नाही. म्हणून आत बारीक तार ठेवून तिच्यावर दुसरी तार गुंडाळतात. तिचे वजन वाढते, पण लवचीकपणा टिकून राहतो.

आता गिटारचे तीन प्रकार पाहू.

पहिली क्लासिकल गिटार. हिला पूर्वी आतड्याची तात लावीत. पिंजाऱ्याच्या धनुकलीला असे, तशीच ती तात. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात तातेची टंचाई झाली आणि तिची जागा नायलॉनने घेतली. या तारांचा एकूण ताण सुमारे ४० किलो असतो.

दुसरी अकूस्टिक गिटार. हिला पोलादी तारा लागतात. जाड तारांवर तांब्याच्या मिश्रधातूची, म्हणजे कासे किंवा पितळेची, तार गुंडाळलेली असते. त्यामुळे नाद भरदार येतो. या तारांचा ताण सुमारे ७० किलोपर्यंत जातो. आता लक्षात घ्या, हाच संच क्लासिकल गिटारला लावला तर काय होईल? तिची दांडी वाकेल किंवा तारा बांधलेली घोडी उखडून येईल.

तिसरी इलेक्ट्रिक गिटार. हिच्या तारांखाली लोहचुंबक व त्याभोवती बारीक तारेचे वेटोळे असते. पोलादी तार हलली, की वेटोळ्यात सूक्ष्म वीज निर्माण होते. तीच पुढे ध्वनिवर्धकात जाते. नायलॉनवर चुंबकाचा परिणाम होत नाही, म्हणून त्या तारा येथे मुक्या राहतात. कासे गुंडाळलेल्या तारांचा आवाजही क्षीण येतो. या गिटारला निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाच्या तारा योग्य.

प्रकार ठरला, की जाडी ठरवावी. दुकानात 'नऊ नंबर', 'दहा नंबर' असे म्हणतात. तो आकडा सर्वांत बारीक तारेच्या जाडीचा असतो. एका इंचाचे हजार भाग केले, तर त्यांतील नऊ भाग म्हणजे नऊ नंबर. इलेक्ट्रिक गिटारला बहुधा नऊ किंवा दहा, तर अकूस्टिकला दहा ते बारा नंबरचा संच घेतात. बारीक तार दाबायला सोपी, पण तिचा आवाज पातळ. जाड तारेचा आवाज मोठा, पण ती बोटांना व दांडीला जड जाते. नवशिक्याने बारीक तारांनी सुरुवात करावी. महागडी तार आपल्या वाद्याला योग्य असेलच असे नाही.

तारांची निगाही राखली पाहिजे. घामाने पोलाद गंजते, म्हणून वाजवून झाल्यावर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. नवी तार चढविताना खुंटी हळूहळू पिळावी व तोंड तारेपासून दूर ठेवावे. तुटलेल्या तारेचे टोक डोळ्याला इजा करू शकते.

तारा घ्यायला परभणीला किंवा नांदेडला जाण्यापूर्वी तीन गोष्टी कागदावर लिहून घ्या: गिटार कोणत्या प्रकारची आहे, तिच्यावर सध्या कोणत्या जाडीच्या तारा आहेत आणि ती वाजविणाऱ्याचा हात किती तयार आहे. जुनी, वापरलेली गिटार मिळाली असेल, तर पहिली गोष्ट अधिकच जपून पाहा. कारण आधीच्या मालकाने लावलेल्या तारा योग्यच असतील, असे नाही.