ठोकळ्यांच्या राज्यातील पाणी

हुबळीहून कारवारकडे जाणाऱ्या रस्त्याने सुमारे तीस किलोमीटर गेले म्हणजे कलघटगी हे तालुक्याचे गाव लागते. लाखेच्या रंगांनी सजविलेल्या लाकडी पाळण्यांमुळे या गावाचे नाव दूरवर गेले आहे. परंतु येथील खरे वैभव पावसाळ्यात दिसते. धारवाडकडची काळी सपाटी येथे संपत येते, मलनाडाची चाहूल लागते, आणि भाताची खाचरे दिसू लागतात. भाताच्या मुलुखात वाढलेल्या मुलाला पाण्याचा स्वभाव वेगळा शिकवावा लागत नाही. वरच्या खाचराचा बांध फोडला की खालचे खाचर भरते आणि वरचे तितकेच उतरते, ही गोष्ट तो कळू लागल्यापासून पाहत आलेला असतो.

तोच मुलगा सायंकाळी मोबाइल घेऊन ओट्यावर बसतो आणि ‘माइनक्राफ्ट’ नावाच्या खेळात धरण बांधू लागतो. धरण झाल्यावर तो त्याचा एक ठोकळा काढतो. फटीतून पाणी धो धो वाहू लागते. पण मागच्या तळ्याची पातळी केसभरही उतरत नाही. रात्रभर वाहू दिले तरी नाही. खाचरातले पाणी आणि खेळातले पाणी यांच्यात हा जो फरक आहे तो कशामुळे पडतो, आणि खेळ करणाऱ्यांनी तो जाणूनबुजून का ठेवला, हा प्रश्न वरवर पोरकट वाटला तरी त्याचे उत्तर पदार्थविज्ञानाच्या बऱ्याच खोल भागात घेऊन जाते.

हा खेळ स्वीडनमध्ये मार्कुस पेर्सोन या गृहस्थाने रचला. मे २००९ मध्ये तो प्रथम लोकांपुढे आला आणि नोव्हेंबर २०११ मध्ये पूर्ण रूपात प्रसिद्ध झाला. त्यातील सारे जग ठोकळ्यांचे आहे. माती, दगड, झाड, सारे काही एक मीटर लांब, एक मीटर रुंद आणि एक मीटर उंच अशा घनाकृती तुकड्यांनी बनते. पाणीही तसेच. आता एक घनमीटर पाणी म्हणजे हजार लिटर, वजनाने एक टन. खेळणारा मुलगा तेवढे पाणी एका बादलीत भरतो आणि ती बादली हातात घेऊन उड्या मारीत जातो. कलघटगीच्या विहिरीवर पाणी शेंदणाऱ्या कोणाही बाईला हे दृश्य दाखवले तर तिला हसू आवरणार नाही.

ती बादली सपाट जमिनीवर ओतली की जे घडते ते मोठे मौजेचे आहे. ओतलेला ठोकळा हा ‘उगम’ ठरतो. त्याच्या चार बाजूंच्या घरांत पाणी शिरते, पण एक अंश कमी उंचीचे. त्यांच्या शेजारच्या घरांत आणखी एक अंश कमी. असे करीत सातव्या घरापाशी पाणी संपते. दर पाव सेकंदाला ते एक घर पुढे सरकते, मग ते भरलेल्या सरोवरातून आलेले असो की एका बादलीतून. सारवलेल्या अंगणात तांब्याभर पाणी सांडले तर त्याचा डाग साधारण गोल पडतो. खेळातल्या पाण्याचा डाग मात्र शंकरपाळ्यासारखा चौकोनी पडतो, कारण तिरपे जाणे त्याला ठाऊकच नसते. जवळपास चार-पाच घरांच्या आत खड्डा किंवा उतार असेल तर ते तिकडे वळते. त्याहून दूर काय आहे हे त्याला दिसत नाही.

या पाण्याचा जमाखर्च मांडून पाहावा. भरलेल्या ठोकळ्याचे आठ अंश धरले, तर पसरलेले पाणी एकूण ११३ घरांत असते आणि सर्व अंशांची बेरीज ४३ भरलेल्या ठोकळ्यांइतकी येते. म्हणजे एक टन ओतले आणि त्रेचाळीस टन झाले! उलट, तोच उगमाचा ठोकळा पुन्हा बादलीत भरून घेतला की उरलेले बेचाळीस टन काही क्षणांत वाळून जातात. जमा खोटी, आणि खर्चही खोटा. याहून मोठा चमत्कार म्हणजे दोन घरे लांब व दोन घरे रुंद असा खड्डा खणून त्याच्या समोरासमोरच्या कोपऱ्यांत एकेक बादली ओतली की चारही घरे उगम होतात, कारण दोन उगमांच्या मध्ये सापडलेले घर स्वतःच उगम बनावे असा तेथील नियम आहे. त्या खड्ड्यातून जन्मभर पाणी उपसले तरी तो आटत नाही. मुले त्याला अक्षय विहीर समजतात, आणि ती तशी आहेही.

खऱ्या पाण्याचे तीन गुण येथे हरवले आहेत. पहिला, ते नव्याने निर्माण होत नाही व नाहीसे होत नाही. एका जागी वाढले तर दुसरीकडे कमी झालेच पाहिजे. दुसरा, जोडलेल्या भांड्यांत ते समपातळी गाठते. तिसरा गुण दाबाचा. टाकीच्या तळाशी छिद्र पाडले तर वर पाणी जितके उंच तितका फवारा जोराचा. टॉरिचेल्ली या इटालियन पंडिताने सतराव्या शतकातच दाखवून दिले की पाण्याची उंची चौपट केली तर वेग दुप्पट होतो. खेळातील टाकी दोन ठोकळे उंच असो की वीस, खालच्या छिद्रातून येणारे पाणी सपाटीवर सातच घरे जाते.

मग रचणाऱ्याला हे ठाऊक नव्हते काय? तसे समजणे अन्यायाचे होईल. खेळाच्या २००९ च्या अगदी आरंभीच्या रूपात पाण्याला सातची मर्यादाही नव्हती. एकदा सोडले की ते आपल्या पातळीवर आणि खाली, जेथे वाट मिळेल तेथे पसरतच जाई, आणि कोणाच्या तरी एका चुकीच्या घावाने मेहनतीने खणलेली भुयारे बुडून जात. ते आवरण्यासाठी पाणी शोषणारा स्पंजाचा ठोकळा द्यावा लागला. सातची मर्यादा हा त्या पुरावर घातलेला बांधच होय.

खरी अडचण गणिताच्या ओझ्याची आहे. समजा, खेळातील एक समुद्र हजार घरे लांब आणि हजार घरे रुंद आहे. त्याच्या पृष्ठभागावर दहा लाख घरे झाली. त्यातून एक बादली काढली तर न्यायाने सर्व समुद्राची पातळी एक मीटरच्या दहा लाखाव्या भागाने, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाने, उतरली पाहिजे. एका मुलाने एक बादली भरली एवढी वार्ता दहा लाख घरांना पोहोचवायची आणि प्रत्येकाने आपला हिशेब दुरुस्त करायचा! शिवाय पाण्याला उंचीचे आठच अंश ठाऊक, तेव्हा इतका बारीक फरक लिहून ठेवण्यास जागाच नाही. आणि या खेळाचे जग एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सहा कोटी घरांचे आहे. यंत्र कितीही वेगवान असले तरी एका सेकंदात ते जगाचे चित्र अनेक वेळा काढीत असते. त्यातला सगळा वेळ पाण्यालाच दिला तर मुलाला पाऊलही टाकता येणार नाही. म्हणून रचणाऱ्याने पाण्याला शेजारी पाहण्यास शिकवले, दूरचे पाहण्यास नाही. हा शहाणपणाचा सौदा होता, असेच म्हणावे लागते.

तरीही काहींनी दुसरी वाट धरली. अमेरिकेतील टार्न आणि झॅक अ‍ॅडम्स या बंधूंचा ‘ड्वार्फ फोर्ट्रेस’ हा खेळ २००६ मध्ये आला. त्यात पाण्याचे सात अंश मोजले जातात, त्याला दाबही आहे, आणि नदी चुकीच्या जागी फोडली तर पाणी खालून वर चढून अख्खी वसाहत बुडवते. मात्र पाणी हलू लागले की यंत्र धापा टाकू लागते. माइनक्राफ्टच्या हौशी खेळाडूंनीही ‘हिशेबाचे पाणी’ असणाऱ्या जोडण्या लिहिल्या. त्यांत तळे फोडले तर खरोखर रिकामे होते. पण बादलीभर पाणी आठापेक्षा अधिक घरांत पसरावयास गेले की एकेक अंश प्रत्येकाच्या वाट्याला येऊन संपतो, पुढे वाटणी होत नाही, आणि उघड्या माळावर पाण्याचे पातळ तुकडे वाट चुकलेल्या वासरांसारखे भटकत राहतात. मातीत मुरणे आणि उन्हात सुकणे हे नियम वेगळे लिहिल्यावाचून त्यांना गती मिळत नाही.

घरांच्या आकाराचाही प्रश्न आहे, आणि तो शास्त्रज्ञांनाही चुकला नाही. चौकोनी जाळ्यावर कण नाचवून द्रवाचा प्रवाह साकारण्याचा एक प्रयत्न १९७३ मध्ये झाला. कण आपसांत आदळत, त्यांची संख्या कायम राहत असे, गतीचा हिशेबही जुळे. तरीही प्रवाह खऱ्या द्रवासारखा होईना, कारण चौकोनाच्या चार दिशांचा ठसा त्यावर उमटत होता. शंकरपाळ्याचाच तो दोष, अधिक विद्वान वेषातला. १९८६ मध्ये फ्रिश, हासलाखर व पोमो या तिघांनी चौकोनाऐवजी मधमाशीच्या पोळ्यासारखे सहा दिशांचे जाळे घेतले, आणि कणांच्या त्या गर्दीतून खरा प्रवाह दिसू लागला. दोन दिशा वाढवल्याने एवढा पालट व्हावा हे आश्चर्य वाटण्याजोगे आहे.

त्या खऱ्या प्रवाहाची समीकरणे मात्र जुनी. फ्रान्सच्या नाव्हिए याने १८२२ मध्ये त्यांना आरंभ केला आणि स्टोक्स याने १८४५ मध्ये ती पक्की केली. ती नेहमी नीट सुटतातच काय, हे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही. अमेरिकेतील क्ले गणित संस्थेने २००० साली त्यासाठी दहा लाख डॉलरांचे पारितोषिक लावून ठेवले आहे. नळाखाली हात धुणारा प्रत्येक माणूस ज्या गोष्टीचा अनुभव घेतो ती गणिताला अजून पुरती वश झालेली नाही.

जेथे पाण्याची चूक जिवावर बेतते तेथे काय करतात, हे पाहण्यास महाराष्ट्राबाहेर जावयास नको. १२ जुलै १९६१ रोजी सकाळी पानशेतचे अपुरे राहिलेले धरण फुटले. ते पाणी खडकवासल्याच्या जलाशयात आले आणि त्याच दिवशी खडकवासल्याचे जुने धरणही कोसळले. पुण्यातील मुठेकाठच्या पेठांनी जे भोगले ते सांगणारी माणसे अजून आहेत. तेथे पाणी सात घरांवर थांबले नाही. वरचा जलाशय रिता होईपर्यंत ते खाली येत राहिले.

त्याच खडकवासल्यास १९१६ पासून चालत आलेली केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन शाळा आहे. तेथे धरणांच्या व बंदरांच्या लहान प्रतिकृती बांधून त्यांत खरे पाणी सोडतात. गणकयंत्रे आली तरी हे काम थांबले नाही. पण पाणी लहान करता येत नाही, ही त्यातली खोच आहे. धरण शंभरपटीने लहान केले तरी थेंब तेवढाच राहतो आणि गुरुत्वाकर्षणही तेवढेच. यावर विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याने एकोणिसाव्या शतकात जहाजांच्या प्रतिकृतींवरून नियम घालून दिला: लांबी शंभरपट लहान केली तर काळ दहापट लहान धरावा. त्यामुळे नदीला एक तास आलेला पूर प्रतिकृतीत सहा मिनिटांत येऊन जातो. विस्तीर्ण खाडीची प्रतिकृती सर्व बाजूंनी सारखी लहान केली तर पाण्याचा थर इतका पातळ होतो की ते वाहण्याऐवजी चिकटून बसते. म्हणून तेथे उंचीचे प्रमाण मुद्दाम मोठे ठेवतात. म्हणजे खऱ्या पाण्यालाही थोडे खोटे वागवावे लागते. फरक इतकाच की ते खोटे किती, हे तेथे आधी मोजलेले असते.

कलघटगी तालुक्याला पाण्याच्या हिशेबाचा विसर पडणे कठीण आहे. धारवाड-हुबळीच्या परिसरातून जलविभाजक जातो. त्याच्या पूर्वेचा पाऊस मलप्रभेतून कृष्णेला व पुढे बंगालच्या उपसागराला मिळतो. पश्चिमेचा पाऊस बेडती नदीत उतरतो, मागोडपाशी सुमारे दोनशे मीटर कोसळतो आणि गंगावळी या नावाने अरबी समुद्रास मिळतो. याच बेडतीचे पाणी अडवून कलघटगी तालुक्यात नीरसागर जलाशय केला, तो हुबळी शहराची तहान भागविण्यासाठी. पुढे शहराला तेवढ्याने पुरेना आणि मलप्रभेचे पाणी आणावे लागले. मलप्रभेत भर घालावी म्हणून कळसा व भांडुरा या म्हादईच्या ओढ्यांकडे कर्नाटकाची दृष्टी गेली. तेच पाणी गोव्यात मांडवी म्हणून वाहते, तेव्हा तंटा उभा राहिला. ऑगस्ट २०१८ मध्ये लवादाने गोव्याला २४, कर्नाटकाला १३.४२ आणि महाराष्ट्राला १.३३ अब्ज घनफूट पाणी नेमून दिले. मलप्रभेकडे वळवावयाचे पाणी त्यातले ३.९ अब्ज घनफूट. राज्यांचे समाधान झाले नाही व प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले.

एक अब्ज घनफूट म्हणजे सुमारे दोन कोटी त्र्याऐंशी लाख घनमीटर, खेळाच्या भाषेत तितकेच ठोकळे. त्या मापाने तीन राज्ये ज्यावर भांडतात ते वळवावयाचे पाणी अकरा कोटी ठोकळ्यांचे भरते. दोन बादल्यांच्या अक्षय विहिरीवर वाढलेल्या मुलाला हा तंटा मूर्खपणाचा वाटेल. खाचराच्या बांधावर वाढलेल्याला वाटणार नाही. कलघटगीचा मुलगा दोन्हींवर वाढतो आहे, आणि फरक कळावा म्हणून त्याला फार काही करावयास नको. घरातील दोन घागरी, एक उंचावर व एक खाली ठेवून, पाण्याने भरलेल्या रबरी नळीने जोडल्या की वरची उतरते व खालची चढते. तोच प्रयोग त्याने खेळात जमिनीखालून भुयार खणून केला, तर भुयारात शिरलेले पाणी पलीकडच्या तोंडाशी खालीच थांबते आणि वर चढत नाही.