त्वालेत देबा: पानांचे पाणी आणि एक बारीक ब्रश

हैतीच्या क्रिओल भाषेत ‘त्वालेत देबा’ म्हणजे ‘खालची आंघोळ’. मुलगी जाणती झाली की आई किंवा आजी तिला ती शिकवते, आणि मग ती आयुष्यभराची सवय होते. पाण्यात औषधी पाला उकळायचा, ते पाणी सोसेल इतके निवू द्यायचे आणि त्याने योनिमार्ग आतपर्यंत धुवायचा. काही जणी त्यात लिंबू किंवा व्हिनेगर घालतात, काही जणी दुकानातले जंतुनाशक. बाळंतपणानंतर पाल्याच्या गरम पाण्याची आंघोळ आणि वाफ असते. प्रसूतीने उघडे पडलेले अंग गारव्याने बाधू नये, हा त्यामागचा विचार. बाळंतिणीला शेक-धुरी देणाऱ्या आपल्या घरांना तो परका वाटणार नाही.

या रिवाजामागे अस्वच्छता नाही, अज्ञानी आळस तर मुळीच नाही. स्वतःच्या शरीराची रोज निगुतीने काळजी घेणाऱ्या या बायका आहेत. म्हणूनच पुढची गोष्ट मनाला लागते: या धुण्याने गर्भाशयमुखाचा कॅन्सर टळत नाही.

निरोगी योनिमार्गात लॅक्टोबॅसिलस नावाचे जिवाणू वस्तीला असतात. ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि तिथला सामू साधारण 3.8 ते 4.5 इतका आंबट ठेवतात. बाहेरून येणाऱ्या बहुतेक जंतूंना तो आंबटपणा मानवत नाही. आतून धुतले की ही राखण वाहून जाते आणि जंतुसंसर्गाला वाट मिळते. कॅन्सरचे मूळ तर आणखी खोल आहे. ह्यूमन पॅपिलोमा विषाणू, म्हणजे एचपीव्ही, अस्तराच्या सूक्ष्म खरचटीतून सर्वांत खालच्या पेशींपर्यंत उतरतो आणि पेशींच्या आतच मुक्काम करतो. तिथे कोणताही काढा पोचत नाही. बहुतेकींच्या शरीरातून हा विषाणू एक-दोन वर्षांत आपोआप जातो. ज्यांच्यात तो ठाण मांडतो त्यांच्यापैकी काहींना बहुधा 15 ते 20 वर्षांनी कॅन्सर होतो. हाराल्ड त्सुर हाउझेन यांच्या प्रयोगशाळेने 1983 मध्ये या कॅन्सरच्या गाठीत एचपीव्ही-16 शोधला, पुढच्याच वर्षी एचपीव्ही-18. जगातले सुमारे 70 टक्के गर्भाशयमुखाचे कॅन्सर या दोघांमुळे होतात. त्सुर हाउझेन यांना 2008 साली नोबेल मिळाले.

अमेरिकेतील मायामी शहरात ‘लिटल हैती’ नावाची वस्ती आहे. तिथल्या स्थलांतरित हैतीयन स्त्रियांमध्ये हा कॅन्सर शहराच्या मानाने कितीतरी जास्त आढळला. भाषेची अडचण, विम्याचा अभाव, कामावरचा खाडा आणि परक्या डॉक्टरपुढे तपासणीला झोपण्याचा संकोच, यांमुळे अनेकींनी पॅप तपासणी, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींची चाचणी, कधीच करून घेतली नव्हती. मायामी विद्यापीठातील एरिन कोबेट्झ आणि सहकाऱ्यांनी वस्तीतल्याच हैतीयन आरोग्य कार्यकर्त्यांना सोबत घेतले. या कार्यकर्त्या घरोघरी जाऊन क्रिओलमध्ये बोलल्या आणि बायकांच्या हाती एक छोटे साधन दिले. बारीक ब्रश किंवा कापसाचा बोळा योनिमार्गात फिरवून नमुना स्वतःच घ्यायचा. प्रयोगशाळा त्यात एचपीव्हीचा शोध घेते.

बायकांनी ते सहज स्वीकारले. आणि इथेच त्वालेत देबाचे खरे देणे दिसते, असे मला मनापासून वाटते. आपल्या शरीराला हात लावायची, ते आतून जाणून घ्यायची सवय त्यांना पहिल्यापासून होती. आजीने शिकवलेल्या धुण्याने कॅन्सर थांबला नाही, पण स्वतःच्या अंगाला हात लावण्याचा तिने घालवलेला संकोच तपासणीच्या कामी आला.

एचपीव्हीची तपासणी किती जीव वाचवते, याचा जगाने मानलेला मोठा पुरावा मराठी मुलखातला आहे. 1999 पासून तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचा अभ्यास झाला. बार्शीचे कॅन्सर रुग्णालय त्यात होते. आयुष्यात फक्त एकदा एचपीव्ही तपासणी मिळालेल्या गटात या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले. हे निष्कर्ष 2009 मध्ये प्रसिद्ध झाले.

जागतिक आरोग्य संघटना सांगते की वयाच्या तिशीपासून दर 5 ते 10 वर्षांनी एचपीव्ही तपासणी करावी, आणि मुलींना 9 ते 14 या वयात एचपीव्हीची लस द्यावी. आतून धुणे सोडावे. बाहेरून साधे पाणी पुरते. घरातल्या तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईला हे आजच सांगा.