एकत्र न चालता चालणारा ग्रुप

इअरफोन घरी विसरलेल्यांसाठी, या भागाचं हे लिखित रूप. बोलताना इकडेतिकडे गेलो होतो, ते थोडं कापलंय.

विषय असा की, लॉकडाऊनमध्ये चालणाऱ्यांच्या ग्रुपचं काय झालं? पुण्यात वेताळ टेकडीवर रविवारी सकाळी जाणारा आमचा १७ जणांचा ग्रुप आहे. मी त्यातला सगळ्यात लहान, बाकी बहुतेक काका-काकू. २५ मार्च २०२० ला २१ दिवसांचा लॉकडाऊन लागला आणि टेकडी बंद. ब्रिटनमध्ये त्या काळात दिवसातून एकदा व्यायामासाठी बाहेर पडता यायचं. आपल्याकडे तेही नाही. त्यामुळे 'वेगवेगळं चालणं' म्हणजे कोणी गच्चीवर, कोणी पार्किंगमध्ये, आणि एक काकू हॉल ते स्वयंपाकघर.

आता अशा वेळी कोणालाही पहिलं सुचतं ते लीडरबोर्ड. रोजची पावलं ग्रुपवर टाका, पहिला कोण ते बघू. आमच्याकडेही ते सुरू झालं आणि दोन आठवड्यांत मेलं. का मेलं, ते समजून घेण्यासारखं आहे.

फोन पावलं मोजतो ती ॲक्सेलरोमीटर नावाच्या सेन्सरने. आपण पाऊल टाकलं की शरीराला एक ठरावीक हिसका बसतो, तो सेन्सर पकडतो आणि सॉफ्टवेअर म्हणतं, हे एक पाऊल. म्हणजे फोन अंगावर पाहिजे. काकांच्या पँटला खिसा असतो. काकूंच्या साडीला नसतो, त्यांचा फोन ओट्यावर चार्जिंगला. दिवसभर घरात राबून त्यांची पावलं ४००, आणि खुर्चीत बसून पेपर वाचणारे काका त्यांच्या वर! (१०,००० पावलांचा आकडासुद्धा काही वेदवाक्य नाही बरं का. १९६५ मध्ये जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजायच्या यंत्राच्या नावातून तो आला.)

मग अंतर मोजावं, तर जीपीएस. उघड्या आकाशाखाली फोनचा जीपीएस साधारण ५ मीटर इकडेतिकडे चुकतो, आजूबाजूला इमारती असल्या की अजून जास्त. १२ मीटरच्या गच्चीत ५ मीटरची चूक म्हणजे नकाशावर नुसता गुंता. त्या गच्चीत १ किलोमीटर करायला ८३ येरझारा लागतात, आणि ॲप सांगणार की तुम्ही शेजारच्या बिल्डिंगमधून चाललात.

शेवटी एका काकूंनी तोडगा काढला: "अरे, मोजायचं कशाला? वेळ एक ठेवू." सकाळी ६:१५ ते ६:४५, जो जिथे असेल तिथे. सुरू करताना ग्रुपवर 'निघाले', संपल्यावर 'पोचले'. बस. व्हॉट्सॲपच्या ग्रुप कॉलची मर्यादा एप्रिलमध्ये ४ वरून ८ झाली, तरी आम्ही १७. म्हणून जोड्या केल्या. चालताना जोडीदाराशी साधा फोन, व्हिडिओ नाही, कारण स्क्रीनकडे बघत गच्चीवर चालणं म्हणजे पाण्याच्या पाइपला अडखळणं. दर सोमवारी जोडी बदलायची. एक जण उरायचा, तो त्या आठवड्यात एका जोडीत तिसरा.

याचा खरा उपयोग मे महिन्यात कळला. कोथरूडला एकटे राहणारे एक काका आहेत, मुलगी परदेशात. एका सकाळी त्यांचं 'निघालो' आलं नाही. जोडीदार काकूंनी दोनदा फोन केला, उचलला नाही. टेकडीवर एखाद्या रविवारी कोणी आलं नाही तर आपण म्हणतो, झोपले असतील. इथे काकू थांबल्या नाहीत. जोड्या करताना प्रत्येकाने एका शेजाऱ्याचा नंबर देऊन ठेवला होता, त्या नंबरवर त्यांनी फोन लावला. खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांकडे किल्ली होती. काका स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेले, घामाघूम, धड बोलता येईना. मधुमेहाची गोळी घेतलेली, खाल्लं काहीच नव्हतं. साखरेचं पाणी दिलं, डॉक्टरांना फोन लावला, तासाभरात सावरले. दुसऱ्या दिवशी ६:१५ ला मेसेज आला, 'निघालो, खाऊन निघालो.'

इंजिनिअर लोकांसाठी सांगतो, सर्व्हरच्या जगात याला 'हार्टबीट' म्हणतात. प्रत्येक मशीन ठरावीक वेळाने 'मी जिवंत आहे' एवढंच कळवतं. त्या संदेशात माहिती काही नसते. तो आला नाही, हीच माहिती. पण पुढे काय करायचं हे ठरलेलं नसेल तर ती माहिती वाया जाते. आमच्याकडे ते ठरलं होतं: कोणी फोन करायचा, आणि उचलला नाही तर कोणाला.

३ जूनपासून राज्यात पहाटे ५ ते संध्याकाळी ७ बाहेर चालायला परवानगी मिळाली, पण गटाने नाही. मग कर्वेनगरच्या कॅनॉल रोडवर एकेकटे, १० मिनिटांच्या अंतराने, व्हॉट्सॲपवर तासाभराचं लाइव्ह लोकेशन चालू ठेवून. पुढचा ठिपका बराच वेळ एका जागी थांबला की मागचा फोन करायचा. बहुतेक वेळा उत्तर एकच, "अरे, बूट बांधतोय!"

लीडरबोर्ड परत कोणी काढला नाही. जोड्या मात्र अजून आहेत, आणि या आठवड्यात माझे जोडीदार तेच कोथरूडचे काका आहेत. ते माझ्यापेक्षा लवकर उठतात, हा एक त्रासच आहे.

तुमच्या घरचं कोणी एकटं राहत असेल तर शेजाऱ्यांचा नंबर आजच घेऊन ठेवा. चला, पुढच्या भागात भेटू.