तंग ओढताना

पान का सडलं, भाकरी का करपली, घोडा का अडला? या जुन्या कोड्याचं उत्तर आपल्याला लहानपणापासून पाठ असतं. न फिरवल्यामुळे. तीन प्रश्नांना एकच उत्तर, म्हणून कोडं गमतीचं. पशुवैद्य म्हणून आयुष्य काढल्यावर मात्र त्यातल्या तिसऱ्या प्रश्नाबद्दल माझी तक्रार आहे. अडणाऱ्या, चावणाऱ्या, लाथ झाडणाऱ्या घोड्याला आपण असंच एक उत्तर चिकटवून मोकळे होतो. बहुतेक वेळा ते उत्तर असतं 'खोड'.

गेल्या वर्षी पावसाळा सरता सरता माथेरानला गेलो होतो. तिथे मोटारींना बंदी असल्याने दस्तुरी नाक्यापासून पुढे माणूस पायी जातो, नाहीतर घोड्यावर. अलीकडे ई-रिक्षाही आल्या आहेत. त्याचा ताण घोडेवाल्यांच्या बोलण्यात जाणवतो. माझ्या ओळखीच्या एका घोडेवाल्याने मला गाठलं. त्याची तांबूस रंगाची आठ वर्षांची घोडी तंग ओढताना चावायला लागली होती. चार दिवसांपूर्वी तिने त्याच्या मुलाच्या दंडाचा लचका तोडला होता.

"डॉक्टरसाहेब, हिला खोड लागलीय. आज पोराला चावली, उद्या गिऱ्हाइकाच्या लेकराला चावली तर मी काय करू? दिवाळीच्या आधी काढून टाकतो."

काढून टाकतो म्हणजे विकतो. चावरी म्हणून नाव झालेली घोडी कोण घेतं, किती पैसे देतं आणि तिचं पुढे काय होतं, हे त्यालाही ठाऊक होतं आणि मलाही.

ज्यांचा घोड्याशी संबंध वरातीपुरताच आला असेल त्यांच्यासाठी सांगतो. खोगीर पाठीवर जागच्या जागी राहतं ते तंगामुळे. हा पट्टा खोगिराच्या एका बाजूने निघतो, पुढच्या पायांच्या मागून छातीखालून जातो आणि दुसऱ्या बाजूला बकलात अडकतो. शब्द फारसी; मूळ अर्थ अरुंद, आवळलेला. आपण अंगाला तंग होणारा सदरा म्हणतो, 'मला तंग करू नकोस' म्हणतो, ते याच घराण्यातलं. तंग ढिला राहिला तर खोगीर फिरतं आणि स्वार खाली येतो. म्हणून तो आवळावाच लागतो, आणि आवळणाऱ्याच्या मनात नेहमी स्वाराची काळजी असते, घोड्याची क्वचितच.

या पट्ट्याखाली काय काय असतं, हे समजलं की निम्मं कोडं सुटतं. घोड्याला बरगड्यांच्या अठरा जोड्या असतात. त्यांतल्या पहिल्या आठ थेट छातीच्या हाडाला जोडलेल्या. तंग याच भागावर बसतो. त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की घोड्याला आपल्यासारखं गळपट्टीचं हाड नसतं. त्याचे पुढचे पाय धडाला सांध्याने जोडलेले नसून नुसत्या स्नायूंनी बांधलेले असतात. जणू छाती दोन पायांमध्ये झोळीसारखी टांगलेली. त्या झोळीचेच काही स्नायू तंगाखाली येतात. त्यामुळे दुखणं खांद्यात असो की खुरात, ओरड तंगापाशी ऐकू येऊ शकते. ब्रिटनमध्ये तंगाखाली दाब मोजणारे पट्टे बसवून केलेला एक अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. सगळ्यात जास्त दाब छातीच्या मध्यावर पडत असेल असा समज होता. तो निघाला कोपराच्या मागे, जिथे पाय मागे-पुढे होतो. तिथला दाब टाळणारा तंग बांधल्यावर घोड्यांची पुढच्या पायांची फेक लांबली.

मी त्या घोडीला तपासलं आणि पहिल्याच दिवशी कारण सापडल्याच्या आनंदात चुकलो. कोपरामागे, कातडीच्या घडीत, रुपयाएवढी सालटी निघालेली जागा होती. तंग होता नायलॉनचा, त्यात माथेरानची लाल माती घामात कालवून वाळलेली. हाताला कानशीसारखी लागत होती. मी तंग धुवायला लावला, खाली मऊ कापड गुंडाळायला सांगितलं, मलम दिलं, आठ दिवस खोगीर बंद केलं. जखम सुरेख भरली. नवव्या दिवशी तंग ओढताच घोडीने पुन्हा मान वळवून दात दाखवले.

घोडेवाला काही बोलला नाही. नुसतं माझ्याकडे पाहिलं.

इथे एक जुनी गोष्ट सांगायला हवी. परळच्या पशुवैद्यक महाविद्यालयातून, १८८६ साली स्थापन झालेल्या त्या दगडी वास्तूतून, मी नुकताच बाहेर पडलो होतो. एका घोडेस्वारीच्या शाळेने मला असाच एक घोडा दाखवला. मी कातडी पाहिली, पाय पाहिले, काही सापडलं नाही आणि कागदावर लिहिलं, 'स्वभावदोष'. घोडा विकला गेला. त्याच्या पोटाचा विचार मी केलाच नव्हता. तेव्हा तो फारसा कुणी करतही नसे, पण ही काही सबब नव्हे.

पोटाचा विचार का करायचा? कारण घोड्याचं जठर देहाच्या मानाने अगदी लहान, आठ ते पंधरा लिटरचं, आणि त्यात आम्ल अखंड पाझरत असतं. समोर चारा असो नसो. आपल्या तोंडाला वासाने पाणी सुटतं. घोड्याची लाळ मात्र चघळल्याशिवाय सुटत नाही, आणि आम्लाला मारणारी गोष्ट हीच लाळ. कुरणातला घोडा दिवसातले पंधरा-सोळा तास चरतो, म्हणून त्याचं निभतं. चार-पाच तास उपाशी ठेवलेल्या घोड्याच्या जठरात नुसतं आम्ल राहतं. जठराच्या खालच्या भागाला चिकट थराचं संरक्षण आहे, वरच्या भागाला नाही. घोडा पळू लागला, पोट आवळलं, की आम्ल वर चढतं आणि त्या उघड्या भागाला व्रण पडतात. शर्यतीच्या घोड्यांत असे व्रण सर्रास आढळतात.

कॅलिफोर्नियातल्या डेव्हिस इथल्या विद्यापीठाच्या पशुवैद्यांनी तंगावर चिडणाऱ्या ३७ घोड्यांच्या जुन्या नोंदी तपासून २०१९ साली निष्कर्ष मांडले. सर्वाधिक आढळले ते जठरातले व्रण. त्याखालोखाल हाडा-स्नायूंची दुखणी. न बसणारं खोगीरही यादीत होतं. मला त्यातलं महत्त्वाचं वाटलं ते हे की शोधल्यावर शारीरिक कारण निघालं.

आता माथेरानच्या घोडीचा दिनक्रम पाहा. पहाटे खरारा, मूठभर चंदी, सातला खोगीर, आणि मग नाक्यावर उभी. दुपारपर्यंत गवताची काडी नाही, कारण गिऱ्हाईक कधी येईल सांगता येत नाही आणि खाणारा घोडा गिऱ्हाइकाला आळशी वाटतो.

व्रण आहेत की नाहीत हे पाहायला तीन मीटर लांबीची दुर्बीण नाकातून जठरापर्यंत घालावी लागते. ती सोय डोंगरावर नव्हती आणि घोडी शहरात न्यायची मालकाची ऐपत नव्हती. मग मी गरिबाची पद्धत वापरली: एका वेळी एकच गोष्ट बदलायची. पहिल्या दिवशी पाठीवर नुसती घडी घातली. घोडी शांत. दुसऱ्या दिवशी खोगीर ठेवलं, तंग नाही. कान जरा मागे गेले. तिसऱ्या दिवशी उपाशीपोटी, खोगिराशिवाय नुसता तंग हलकेच आवळला. शेपूट झटकली, दात वाजवले. चौथ्या दिवशी तेच, पण दोन तास गवत खाऊ घातल्यावर. फक्त कान हलले. पाचव्या दिवशी पोट भरलेलं, तंग आणि तिचं नेहमीचं खोगीर. पुन्हा मान वळली.

म्हणजे पोट एक, खोगीर दुसरं. पाच दिवसांचा हा पुरावा कुठल्या परिषदेत टिकणार नाही, पण दिशा दाखवायला पुरेसा होता.

खोगिराचा शोध घामाने लावला. अर्धा तास चालवून खोगीर उतरवलं तेव्हा पाठ घामाने ओली आणि दोन्ही खांद्यांच्या मागे तळहाताएवढे कोरडे डाग. जिथे दाब फार, तिथे घाम फुटत नाही. तांबूस केसांत त्याच जागी पांढरे केसही उगवले होते; ती जुन्या दाबाची खूण. पावसाळ्यात घोडीच्या पाठीचं मांस उतरलं होतं, खोगिराची भरती एका जागी गोळा झाली होती, त्यामुळे ते पुढे सरके. ते सरकू नये म्हणून मालक तंग आणखी आवळे. आवळला की खोगीर आणखी रुते. वाङ्मयात निरुपयोगी मजकुराला आपण खोगीरभरती म्हणून हिणवतो. खरी खोगीरभरती बिघडली की काय होतं, हे एकदा घोड्याला विचारायला हवं.

एक समज तेवढा खोडून काढतो. घोडा लबाडीने पोट फुगवतो, म्हणून त्याला गुडघा मारून तंग ओढावा, असं अनेक जाणते सांगतात. पट्टा बरगड्यांवर असतो. तिथे फुगायला पोट नाहीच. दुखणार हे ठाऊक असलेला घोडा श्वास रोखतो, छातीचे स्नायू ताठ करतो, आपण सुई टोचून घेताना दंड आवळतो तसे. थोड्या वेळाने तो सैल होतो आणि तंग ढिला वाटतो. त्या क्षणी मारलेला गुडघा त्याची भीती खरी ठरवतो.

उपाय साधे होते. आम्लावरचं औषध चार आठवडे. खोगीर घालण्याआधी पोटभर गवत, नाक्यावरही जाळीत गवत. दुसरं खोगीर, निम्मे पैसे उधारीवर. तंग एकदम न ओढता आधी सैल अडकवायचा, दहा पावलं चालवायची, मग एक भोक, पुन्हा चालवायची, मग दुसरं.

मुलगा रोज ते करू लागला. तिसऱ्या आठवड्यात तो फोनवर म्हणाला, "डॉक्टरकाका, चावत नाही, पण कान अजून पाडते." मी म्हटलं, पाडू दे. दुखणं गेलं तरी दुखण्याची आठवण लगेच जात नाही. तंगाच्या बकलाचा आवाज आणि वेदना यांची गाठ तिच्या डोक्यात काही महिन्यांची होती. ब्रिटनमधल्या पशुवैद्य स्यू डायसन यांनी स्वाराखालच्या घोड्याच्या वेदना ओळखण्यासाठी चोवीस लक्षणांची यादी केली आहे. कान मागे पाडणं हे त्यातलंच एक. पण एकट्या कानावरून निकाल देता येत नाही, आठ किंवा अधिक लक्षणं एकत्र दिसावी लागतात. मी मुलाला एवढंच सांगितलं, तंग हातात घेतलास की आधी तिच्या तोंडाकडे बघ.

घोड्यांच्या वैद्याला आपल्याकडे सालोत्री म्हणत. शालिहोत्र या प्राचीन आचार्याच्या नावावरून. माझ्या आजोळच्या गावचा सालोत्री घोड्याला हात लावण्याआधी बराच वेळ नुसता समोर बसून राही, असं आई सांगायची. आम्हाला तो आळस वाटे.

दिवाळीत पुन्हा गेलो. घोडी विकलेली नव्हती. नाक्यावर, गळ्याशी गवताची जाळी, शांत उभी होती. मालकाने चहा मागवला. बोलता बोलता मी सहज विचारलं, जुनं खोगीर काय केलंत?

"दिलं की. खाली नेरळच्या एकानं नेलं हजार रुपयाला. त्याची घोडी नवीनच आहे."

मी त्याच्याकडून नेरळचा पत्ता घेतला आणि चहा अर्धा ठेवून उठलो.