चिंचोक्याच्या रंगाचं अंडं

फ्रान्सच्या पश्चिम किनाऱ्यावर ला रोशेल हे बंदर आहे. तिथून थोडं आत, सेव्र निओर्तेज नदीच्या काठी, कालव्यांच्या आणि पाणथळ कुरणांच्या प्रदेशात मारां नावाचं लहानसं गाव लागतं. या गावाच्या नावाने ओळखली जाणारी कोंबडी जे अंडं घालते, ते हातात घेतलं की आधी चिंचोकाच आठवतो. तसाच गडद तांबूस तपकिरी रंग आणि तशीच तुळतुळीत चकाकी. जातिवंत मारां कोंबडीचं अंडं कोणी रंगवलेलं नसतं. पैदासकारांनी पिढ्यान् पिढ्या निवड करून तो रंग टिकवला आहे, आणि थोडं दुर्लक्ष झालं की तो चार-पाच पिढ्यांत फिका पडतो.

मारां हे पूर्वी गजबजलेलं नदीबंदर होतं. जहाजांवरचे खलाशी झुंजीचे कोंबडे बाळगत आणि ताज्या अन्नाच्या बदल्यात ते किनाऱ्यावर देऊन टाकत, असं सांगितलं जातं. ते रक्त गावठी कोंबड्यांत मिसळलं. पुढे एकोणिसाव्या शतकात चीनमधली लँगशान ही पायांवर पिसं असलेली काळी कोंबडी युरोपात पोहोचली. मेजर क्रोड यांनी ती 1872 मध्ये इंग्लंडला आणली होती. तपकिरी अंडं घालणारी ही जात मारांच्या रक्तात आली आणि अंड्याचा रंग खोल होत गेला. मारां क्लब 1929 मध्ये स्थापन झाला आणि लगेचच जातीची मानकं ठरली. इंग्रजांनी याच सुमारास ही अंडी आपल्या देशात नेऊन उबवली, पण बिनपिसांच्या पायांची कोंबडी पसंत केली. त्यामुळे आजही फ्रेंच मारांच्या नडगीवर बाहेरच्या बाजूने विरळ पिसं असतात आणि इंग्रजी मारांचे पाय साफ असतात. इयान फ्लेमिंग यांनी 1957 च्या कादंबरीत जेम्स बाँडच्या न्याहारीला याच कोंबडीचं उकडलेलं अंडं दिलं, इतकी तिची तिकडे कीर्ती होती.

हा रंग येतो कुठून, हे समजल्याशिवाय पैदासकाराची अडचण कळत नाही. बलक सुटल्यापासून अंडं बाहेर येईपर्यंत चोवीस ते सव्वीस तास लागतात. त्यातले जवळजवळ वीस तास अंडं कवचग्रंथीत असतं. तिथे चुन्याचं पांढरं कवच चढतं आणि अगदी शेवटच्या काही तासांत त्यावर प्रोटोपॉर्फिरिन नावाचं रंगद्रव्य पसरतं. याच रेणूत लोह बसलं की रक्ताला लाली देणारा हीम तयार होतो. अतिनील प्रकाशाखाली तपकिरी अंडं लालसर चमकतं, ते याच द्रव्यामुळे. मारांमध्ये त्याचा थर जाड असतो आणि जवळपास सगळा पृष्ठभागावरच राहतो. अंडं नुकतंच घातलेलं, ओलसर असताना बोट फिरवलं तर रंग पुसला जातो, नखाने खरवडला तर खालचं फिकं कवच दिसतं. निळ्या अंड्याच्या अराउकाना कोंबडीचं तसं नाही. तिचा निळा रंग कवचात आरपार मुरलेला असतो. म्हणूनच मारां आणि निळं अंडं घालणारी जात यांच्या संकरातून शेवाळी हिरवं अंडं मिळतं: निळ्या कवचावर तपकिरी लेप.

कोंबडीपाशी हे रंगद्रव्य अमर्याद नसतं. अंडी घालायला लागलेल्या तलंगेची पहिली अंडी सर्वांत गडद असतात. मग हंगाम जसा सरकतो तसा रंग उतरतो आणि पिसं झडून कोंबडीने विश्रांती घेतली की पुन्हा चढतो. रोज अंडं घालणारी कोंबडी फिक्या रंगाची अंडी देते आणि चार दिवसांनी एक घालणारी फार गडद. भीती, आजार, विशेषतः इन्फेक्शस ब्राँकायटिस, आणि वाढतं वय यांनीही रंग जातो. नायकार्बाझिन हे कोंबड्यांना देण्यात येणारं औषध चुकून अंडी देणाऱ्या कोंबड्यांच्या खाद्यात आलं, तर तपकिरी अंडी चक्क पांढरी पडतात.

मारां क्लबच्या रंगतक्त्यावर 1 ते 9 अशा छटा आहेत. 4 पेक्षा फिकं अंडं घालणारी कोंबडी दिसायला कितीही देखणी असो, अंड्याच्या हिशेबाने ती मारां ठरत नाही. मला हा नियम फार योग्य वाटतो. पक्ष्यांच्या प्रदर्शनात परीक्षकापुढे पिंजऱ्यातली कोंबडी असते, तिचं अंडं नसतं. तुरा, डोळे, पिसांचा रंग एवढंच पाहून बक्षिसं दिली की पैदासकार त्याच गुणांमागे धावतात. नेदरलँड्सच्या बार्नेव्हेल्डर कोंबडीचं हेच झालं. तिच्या पिसांवरची दुहेरी काळी किनार प्रदर्शनांत इतकी जपली गेली की तिचं एके काळी बाजारात गाजलेलं गडद अंडं पुष्कळ कळपांत साध्या तपकिरीवर आलं.

पिसांचं काम तरी सोपं कुठे आहे? सर्वांत लोकप्रिय काळा-तांबडा मारां घ्या. कोंबड्याचं अंग काळंभोर, मानेवर आणि पाठीवर तांब्याची झळाळी, छातीवर तांबूस ठिपके चालतात. कोंबडी पूर्ण काळी, फक्त मानेला तांबडी झालर. झालर पुसट झाली तर पक्षी नुसता काळा दिसतो आणि तांबडा रंग छातीवर उतरला तरी दोष. पिवळे पाय किंवा कानाची पांढरी पाळी दिसली की पक्षी बाद. पट्टेरी मारांत गंमत वेगळी आहे. पट्ट्यांचं जनुक झेड गुणसूत्रावर असतं. कोंबड्याला दोन झेड, कोंबडीला एकच. त्यामुळे शुद्ध कळपात कोंबडे फिके करडे आणि कोंबड्या गडद. पट्टेरी कोंबडीला बिनपट्ट्याचा काळा कोंबडा लावला तर पट्टे फक्त मुलग्यांकडे जातात, आणि पिल्लाच्या काळ्या डोक्यावरचा पांढरा ठिपका पाहून पहिल्याच दिवशी नर ओळखता येतो. निळ्या-राखी रंगाचा तर नेमच नाही. दोन निळे पक्षी एकत्र केले की सरासरी निम्मी पिल्लं निळी, पाव काळी आणि पाव पांढुरकी, डागाळलेली.

या सगळ्यात अवघड आहे ती कोंबड्याची निवड. तो अंडं घालत नाही, पण मुलींच्या अंड्याच्या रंगात त्याचा वाटा आईपेक्षा कमी नसतो. उलट तलंगेला मिळणारं एकुलतं एक झेड गुणसूत्र बापाकडूनच येतं. रंग अनेक जनुकांनी मिळून ठरतो, म्हणून पिसं पाहून काही सांगता येत नाही. तो कोणत्या अंड्यातून निघाला हे लिहून ठेवणं हा पहिला उपाय. खरी परीक्षा त्याच्या मुलींच्या अंड्यांवर. एकवीस दिवस उबवणी, मग सहा-सात महिन्यांनी तलंगेचं पहिलं अंडं, आणि हंगामाच्या मध्यापर्यंत रंग किती टिकतो ते पाहायचं. एवढं होईपर्यंत कोंबडा दोन वर्षांचा झालेला असतो. अधीर माणसाने तोवर त्याला विकून टाकलेलं असतं.

म्हणून चांगल्या पैदासकाराच्या खुराड्यात कोंबडी आत शिरली की दार पडणाऱ्या पेट्या असतात. कोणतं अंडं कोणाचं, ते त्याशिवाय कळत नाही. अंड्यावर आईचा क्रमांक पेन्सिलीने लिहितात, प्रत्येक आईची अंडी उबवणी यंत्रात वेगळ्या जाळीत ठेवतात, पिल्लाच्या पायाला खूण करतात. गडद कवचातून दिव्याचा उजेड नीट जात नाही, त्यामुळे आतलं पिल्लू वाढतंय की नाही हे पाहणंही जिकिरीचं असतं. जवळच्या नात्यात जोड्या लावत राहिलं तर रंग पक्का होतो, पण उबवण घटते. त्यावर तोडगा म्हणजे कळपाची तीन कुटुंबं करायची. मुली आईच्या कुटुंबातच राहतात, मुलगे दर वर्षी पुढच्या कुटुंबात जातात. यासाठी एकाच माणसाला डझनावारी कोंबड्या आणि एक जाडजूड वही सांभाळावी लागते. वर्षाला दीड-दोनशे अंडी देणाऱ्या कोंबडीवर इतकी मेहनत करणारे लोक आहेत म्हणून ही जात आहे. तीनशेपेक्षा जास्त अंडी देणाऱ्या संकरित कोंबड्यांपुढे ती बाजारात कधीच टिकली नसती.

आपल्याकडे तपकिरी अंडं म्हणजे गावरान आणि गावरान म्हणजे पौष्टिक, अशी पक्की समजूत आहे आणि त्यावर जास्त भाव घेतला जातो. रंग जातीवर ठरतो. पोषण कोंबडीच्या खाण्यावर. कडकनाथचं मांस काळं असलं तरी अंडं फिकंच असतं, काळं नाही. आता विदेशी कोंबड्या हौसेने पाळणारेही वाढत आहेत. त्यांना एकच सांगणं: चॉकलेटी अंड्याची पिल्लं कोणी देऊ केली तर कोंबड्याच्या तुऱ्याचे फोटो बाजूला ठेवा. आईचं हंगामाच्या मध्यातलं अंडं मागा, आणि कोंबडा ज्या कोंबडीच्या पोटचा आहे तिचंही. दोन्ही दाखवता येत नसतील तर पैसे देऊ नका.